पाणी मुरतंय कुठं?

‘यात नक्की कुठंतरी पाणी मुरतंय...’ हे वाक्य आपण कधी वापरतो? अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात बॉस अचानक गोड बोलायला लागला की. किंवा एरवी चहाचे पैसेही न देणारा मित्र ‘आजची पार्टी माझ्याकडून’ म्हणाला की. मराठीत पाणी मुरणं म्हणजे संशयाला जागा! पण मंडळी, आपल्या कोल्हापुरात सध्या प्रॉब्लेम नेमका उलटा आहे. इथं पाणी कुठंच मुरत नाहीये.

पटत नसेल तर मे महिन्यातली एखादी संध्याकाळ आठवा. दिवसभर अंगाची लाही लाही. चारच्या सुमाराला आभाळ भरून येतं, सोसाट्याचा वारा सुटतो आणि बरोब्बर ऑफिस सुटायच्या मुहूर्तावर वळीव कोसळतो. खिडकीतून बघायला लई भारी! फोटो काढून होतात, भज्यांचा विषय निघतो, कुणीतरी गाणंही लावतं. अर्ध्या तासाने पाऊस थांबतो आणि आपण गाडी काढतो. परीख पुलाखाली पाणी. जनता बझार चौकात पाणी. लक्ष्मीपुरीत पाणी. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून, बंद पडलेली गाडी ढकलत घरी. पंचगंगा मात्र तिकडे आपल्या पात्रात निवांत असते. शहरात पूर आलाय याचा तिला पत्ताही नसतो.

मग हा पूर आणला कुणी?

दोन पूर, दोन गोष्टी

कोल्हापूरकराला पुराचं गणित कुणी शिकवावं लागत नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये आपण ‘गुड मॉर्निंग’च्या आधी ‘पाणी किती फूट?’ असं विचारतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ती बातमी क्रिकेटच्या स्कोअरसारखी फिरते. २००५ चा पूर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या सुट्टीसारखा अनुभवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि सगळ्यांचीच मजा संपली. लगेच २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्याही वर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, शाहूपुरी-नागाळा पार्कमध्ये बोटी. त्यात गंमत बघा. पाणी उपसणारी पंपिंग स्टेशन्सच बुडाली, त्यामुळे दारात पूर आणि नळाला थेंब नाही. पुरात टँकरची वाट बघणारं शहर आपलंच!

हा झाला नदीचा पूर. त्यामागे घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांतला विसर्ग, खाली कृष्णेला लागलेला फुगवटा आणि पूररेषेच्या आत चढलेल्या इमारती आहेत. याबद्दल तुम्ही-आम्ही बोलू शकतो, भांडू शकतो, मोर्चा काढू शकतो. पण आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून तो थांबवू शकत नाही.

दुसरा पूर मात्र वेगळा आहे. त्याला धरण लागत नाही, नदी लागत नाही, घाटमाथा लागत नाही. त्याला लागतं फक्त अर्ध्या तासाचा पाऊस आणि सिमेंट. हा पूर गल्लीत जन्मतो आणि गल्लीतच हैदोस घालतो. हा पूर कुणी आणला, असं विचारत निघाला तर पत्ता थेट आपल्या टेरेसवर जाऊन थांबतो. आणि म्हणूनच त्याच्यावर इलाज करणंही आपल्या हातात आहे. आजच्या कॉलमचा विषय हाच.

ऑफिसातल्या जारचा हिशोब

गणित आवडत नसलं तरी एवढा हिशोब करूयाच. ऑफिसच्या पँट्रीतला पाण्याचा जार २० लिटरचा. आता तुमच्या बिल्डिंगचं टेरेस समजा दोन हजार स्क्वेअर फुटांचं आहे. त्यावर एक इंच पाऊस पडला, तर किती पाणी जमा होतं? साधारण ४,७०० लिटर. म्हणजे २३५ जार! एक इंच म्हणजे काही फार नव्हे, वळवाच्या एका तडाख्यात तेवढा सहज होतो. हे २३५ जार चार पाइपांतून धो धो खाली येतात, पार्किंगच्या कोब्यावरून घसरत गेटबाहेर पडतात आणि रस्त्याकडेच्या गटारीत घुसतात. शेजारच्या बिल्डिंगचे तेवढेच. समोरच्या बिल्डिंगचे तेवढेच. गटार बिचारी आपल्या आजोबांच्या काळातली. तिला तरी किती जार उचलणार?

जमीन मोकळी असते तेव्हा पावसाचा बराचसा भाग माती पिते, थोडा झाडं पितात आणि उरलेला सावकाश वाहतो. काँक्रीटवर पडलेल्या पाण्याचे दहातले आठ-नऊ हिस्से लगेच वाहून जातात. महत्त्वाचा शब्द आहे ‘लगेच’. गल्लीतलं सगळं पाणी एकाच वेळी गटारीकडे धावतं आणि ती तुंबते. तेच पाणी तास-दोन तासांनी, थोडं थोडं आलं असतं तर त्याच गटारीनं ते निमूट वाहून नेलं असतं.

आणि पेव्हिंग ब्लॉक? ‘ब्लॉकच्या फटीतून पाणी मुरतं की’ असं ठेकेदार सांगतो. फटी खरंच मोकळ्या असतील आणि खाली खडीचा थर असेल तर मुरतंही. पण आपण त्याच फटींत सिमेंटची स्लरी ओततो, गवत उगवू नये म्हणून! मग राहिलं काय? नक्षीदार कोबा.

तलावांचं शहर

आपल्या आज्यांच्या बोलण्यातली ठिकाणं जरा कान देऊन ऐका. वरुणतीर्थ. कपिलतीर्थ. रावणेश्वर. कोटितीर्थ. हे नुसते पत्ते नाहीत, हे तलाव आहेत. होते, म्हणूया. वरुणतीर्थावर आज गांधी मैदान आहे. कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरते. रावणेश्वर तलावाच्या जागी शाहू स्टेडियम आहे, जिथं आपण पेठांच्या फुटबॉलसाठी घसा बसेपर्यंत ओरडतो. कोटितीर्थ, रंकाळा, कळंबा असे मोजकेच उरले.

मैदानं झाली, बाजार झाले, त्याचं वाईट वाटून घ्यायची गरज नाही. शहर वाढणारच. पण पाण्याची स्मरणशक्ती दांडगी असते. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानाचं तळं होतं आणि दरवर्षी आपण ‘मैदानात पाणी शिरलं’ म्हणतो. पाण्याच्या बाजूनं विचार केला तर ते आपल्या जुन्या घरीच आलेलं असतं.

पूर्वी उंचावरच्या भागातलं पाणी या खोलगट जागांत थांबायचं, थोडं जमिनीत उतरायचं आणि उरलेलं जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जायचं. वाटेतले थांबेच काढून टाकल्यावर आता सगळी गर्दी नाल्यावर. मोठे तलाव परत खोदायला जागा कुणाकडेच नाही. मग छोटे छोटे शंभर थांबे केले तर?

पार्किंगमधलं खाचर

या छोट्या थांब्याचं नाव आहे रेन गार्डन. नाव ऐकून फॅन्सी कॅफे डोळ्यांसमोर येत असेल तर थांबा. प्रकरण एकदम साधं आहे. जमिनीपेक्षा अर्धा फूट खोल अशी एक पसरट बाग. टेरेसचा पाइप तिच्यात सोडायचा. पाणी तिथं थांबतं, मातीत उतरतं आणि एक-दोन दिवसांत बाग पुन्हा कोरडी. खूपच पाऊस झाला तर जास्तीचं पाणी एका ठरलेल्या वाटेनं गटारीत.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास ही कल्पना आकाराला आली. तिथल्या समरसेट नावाच्या नव्या वसाहतीत पावसाचं पाणी साठवायला मोठी तळी बांधण्याऐवजी घरोघरी अंगणातच अशा बागा केल्या. पुढं पोर्टलँड, सिॲटलसारख्या शहरांनी हाच फंडा रस्त्यांच्या कडेला वापरला. चीनमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान यांनी अख्खं शहरच स्पंजासारखं असावं असा आग्रह धरला आणि २०१५ मध्ये तिथल्या सरकारनं १६ शहरांत ‘स्पंज सिटी’चे प्रयोग सुरू केले.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? विकेंडला गगनबावड्याला जाताना गाडीची काच खाली करा. दोन्ही बाजूंना काय दिसतं? भाताची खाचरं! चारी बाजूंनी बांध, मध्ये सखल जमीन, पडेल तो पाऊस अडवायचा आणि भरल्यावर उरलेला खालच्या खाचरात सोडायचा. आपले शेतकरी पिढ्यान् पिढ्या हेच करतायत. रेन गार्डन म्हणजे पार्किंगमधलं खाचर, फक्त भाताऐवजी कर्दळ. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा लहानपणी एसटीतून जाताना गावोगावच्या भिंतींवर आपण वाचली आहे. ती फक्त गावांसाठी होती असं शहरवाल्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

आणि शहरातही उदाहरण आहेच. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं आवार साडेआठशे एकरांच्या आसपास आहे. तिथं पावसाचं पाणी आवारातल्या तलावांत आणि विहिरींत साठवून, मुरवून विद्यापीठानं आपली पाण्याची बरीचशी गरज आवारातच भागवली आहे. कॉलेजच्या दिवसांत भाषा भवनाच्या तळ्याकाठी गप्पा हाणल्या असतील, तर तुम्ही याच योजनेच्या काठावर बसला होता!

आमच्या सोसायटीतली मीटिंग

आता थिअरी पुरे. राजारामपुरीतल्या आमच्या बिल्डिंगचा किस्सा सांगते. मागच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात बारा बाय आठ फुटांचा मातीचा एक तुकडा उरला होता. सोसायटीतली शेवटची माती. गेल्या उन्हाळ्यात तिथंही ब्लॉक बसवायचा ठराव आला. दोन गाड्या आरामात लागतील, हा मुद्दा.

आमच्या गल्लीच्या टोकाला, उतारावर एक जुनं बैठं घर आहे. तिथल्या मावशी मेस चालवतात. एमआयडीसीत नोकरी करणारी, परगावाहून आलेली पंधरा-वीस पोरं त्यांच्या डब्यावर जगतात. जोराचा पाऊस आला की पहिलं पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरतं. डबा आणायला गेले तेव्हा त्या पिठाचा डबा कट्ट्यावर चढवत होत्या. हसत हसतच म्हणाल्या, “तुमच्या बिल्डिंगीचं पाणी माझ्या सैपाकघरात येतंय की गं पोरी. पार्किंग केल्यापास्नं लईच.” त्यांना ना पाणलोट क्षेत्र शिकवावं लागलं, ना रनऑफ.

मीटिंगमध्ये मी रेन गार्डनचा विषय काढला. शांतता. मग एकदम सगळे बोलायला लागले.

“म्हणजे डबकं करून ठेवायचं म्हणा की,” सेक्रेटरी काका.

“आधीच डेंग्यूचं टेन्शन, त्यात हे,” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

“माझी बुलेट काय डोक्यावर ठेवू?” तिसऱ्या मजल्यावरचा दादा.

तिन्ही प्रश्न रास्त होते. डासांचं उत्तर सोपं. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत उतरलं तर अळी तयार होऊन उपयोग काय? उलट टेरेसवरच्या कुंड्यांखालच्या बशा आठ-आठ दिवस भरलेल्या असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आता पाणी खरंच उतरेल का, हे बघायला आम्ही तिथं फूटभर खोल खड्डा काढला, बादलीनं काठोकाठ भरला आणि रात्रभर सोडला. खाली मुरूम निघाला होता. सकाळी खड्डा रिकामा! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

हिशोबही जमला. बारा बाय आठचा तुकडा सहा इंच खोल केला तर त्यात साधारण तेराशे लिटर पाणी मावतं. आमच्या टेरेसला चार पाइप आहेत. एका पाइपाच्या वाट्याचं एक इंच पावसाचं पाणी होतं बाराशे लिटरच्या आत. म्हणजे एक पाइप पूर्ण त्यात बसतो. कोल्हापूर शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास धरला, तर एका पाइपाचं वर्षाचं पाणी चाळीस हजार लिटरच्या वर जातं. तेवढं आमच्याच जमिनीत.

बुलेटचा प्रश्न मात्र इंजिनिअरिंगनं सुटला नाही. तो सुटला चेअरमन काकांमुळे. त्यांनी स्वतःची, वर्षानुवर्षं कव्हर घालून ठेवलेली स्कूटर विकली आणि जागा दादाला दिली. “एक पावसाळा बघू. डास झाले तर बुजवायचं,” या अटीवर ठराव पास. खर्च? खोदकाम, थोडी खडी, वाळू, शेणखत आणि दहा फूट पाइप. रोपं बहुतेक ज्याच्या त्याच्या माहेरच्या परड्यातून आली.

पावसाळ्यात काय झालं? त्या पाइपाचं पाणी दोन-तीनदा सोडलं तर गेटबाहेर पडलं नाही. डास नेहमीएवढेच. कर्दळ माणसाएवढी वाढली, वहिनींनी अळूच्या दोनदा वड्या केल्या. आणि मावशींच्या स्वयंपाकघरात? पाणी आलंच. आधीपेक्षा कमी वेळा, पण आलं. कारण आमचे उरलेले तीन पाइप आणि गल्लीतल्या बाकीच्या बिल्डिंगींचं सगळं पाणी अजून रस्त्यावरच आहे. मावशी डबा देताना एवढंच म्हणाल्या, “एका पायपाचं झालं. आता बाकीच्यांचं बघा.”

यात सगळं आलं. एकाच घरानं रेन गार्डन केलं तर ती बाग होते. अख्ख्या गल्लीनं केलं तर ती ड्रेनेज सिस्टिम होते.

भ्रमात राहू नका

तुम्ही म्हणाल, एवढं सोपं असतं तर सगळ्यांनीच केलं नसतं का? तर दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

पहिली. कितीही बागा केल्या तरी महापूर थांबत नाही. चीनमधल्या झेंगझोऊ शहरानं ‘स्पंज सिटी’वर भरपूर पैसा ओतला होता. २० जुलै २०२१ ला तिथं एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मेट्रोच्या बोगद्यांत माणसं अडकून मेली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच आपली पंचगंगा ५६ फुटांवर गेली, हा योगायोग विसरता येत नाही. स्पंजाची पण एक मर्यादा असते. त्यामुळे उद्या कुणी ब्रोशरवर ‘रेन गार्डनवाला प्रोजेक्ट’ छापून पूररेषेच्या आत फ्लॅट विकायला आला, तर तिथं मात्र नक्की पाणी मुरतंय, जुन्या अर्थानं! आधी निळी आणि लाल पूररेषा बघा, मग बाग.

दुसरी. सगळीकडची जमीन सारखी नसते. उंचावरच्या भागात मुरूम लागतो, पाणी झरझर उतरतं. नदीकडे काळी, चिकट माती. ती भिजली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. शिवाय पावसाळ्यात तिथं भूजलच वर आलेलं असतं. अशा ठिकाणी खड्डा काढण्यापेक्षा टाकी बसवून पाणी साठवणं शहाणपणाचं. म्हणून खड्ड्याची टेस्ट मस्ट!

करायचंय? मग हे घ्या

१. जागा : इमारतीच्या पायापासून निदान दहा फूट लांब. सेप्टिक टँक, बोअरची केबल, गॅसची लाइन आधी विचारून घ्या. मोठ्या झाडाची मुळं तोडू नका.

२. टेस्ट : फूटभर खोल खड्डा काढा, पाणी भरा. २४ तासांत रिकामा झाला तर हिरवा सिग्नल. नाही झाला तर टाकीचा विचार करा.

३. आकार : जेवढ्या टेरेसचं पाणी घेणार, त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढी बाग. खोली सहा इंच पुरे. तळ सपाट ठेवा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात साचणार नाही.

४. माती : खोदलेल्या मातीत वाळू (क्रश सँडही चालेल) आणि कुजलेला पालापाचोळा किंवा शेणखत मिसळा. पाइप जिथं पडतो तिथं दगड रचा, नाहीतर पहिल्याच पावसात खड्ड्यात खड्डा होईल.

५. वाट : जास्तीचं पाणी जायला एका बाजूला कडा थोडी खाली ठेवा. ही वाट गटारीकडेच जायला हवी, शेजाऱ्याच्या जिन्याकडे नव्हे!

६. झाडं : इथं नाजूक मंडळींचं काम नाही. चार महिने पाय ओले आणि आठ महिने कोरडे ठेवून जगणारी झाडं हवीत. तळात कर्दळ, अळू, स्पायडर लिली. कडेला वाळा आणि गवती चहा. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात आणि पाण्याला खाली जायला वाट करून देतात. जागा मोठी असेल तर तामण लावा. तिला ओल मानवते, उन्हाळ्यात जांभळी फुलं येतात आणि ती आपल्या राज्याचं फूल आहे, हा बोनस. गुलाब, तुळस इथं नको, मुळं कुजतील. अळू आणि गवती चहा खायला वापरणार असाल तर पार्किंगचं तेलकट पाणी बागेत घेऊ नका, फक्त टेरेसचं घ्या.

७. मेंटेनन्स : पावसाळ्याआधी गाळ आणि प्लास्टिक काढा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घाला. बस्स.

भाड्यानं राहताय, माती नाहीच? तरी खेळाडू म्हणून तुम्हाला जागा आहे. सोसायटीत ब्लॉक बसणार असतील तर फटींत सिमेंट भरू देऊ नका. बिल्डिंगसमोरच्या झाडाचा बुंधा काँक्रीटनं आवळला असेल तर तो मोकळा करायला सांगा. दिल्लीत २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं झाडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करा, असा आदेश दिला होता. आपल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बांधकामाला रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. फ्लॅट बुक करताना मॉड्युलर किचनबद्दल अर्धा तास विचारता ना? मग दोन मिनिटं हेही विचारा, आणि नुसतं कागदावर नको, जागेवर जाऊन बघा.

शहराकडे मागायची गोष्टही छोटी आहे. आपल्या रस्त्यांमधले दुभाजक बघा. कठडा उंच, आत माती त्याहून उंच. पाऊस पडला की बागेतला चिखल रस्त्यावर. हेच उलटं करायचं. माती रस्त्यापेक्षा खाली आणि कठड्याला जागोजागी खाच, म्हणजे रस्त्यावरचं पाणी बागेत. कठडे तेच, झाडं तीच, माळीही तेच. बदलायची ती फक्त पातळी. पुढच्या वेळी तुमचे नगरसेवक दुभाजक सुशोभीकरणाचा नारळ फोडायला येतील, तेव्हा एवढंच विचारा, “साहेब, माती वर का? खाली का नाही?”

आणि हो, पुढचा जोराचा पाऊस येईल तेव्हा फोटो काढून झाल्यावर एक काम करा. छत्री घ्या, खाली उतरा आणि तुमच्या टेरेसचा पाइप कुठं सुटतो ते बघा. तिथून पाण्यामागं चालत जा. गेट, गटार, कोपरा, उतार... ते कुणाच्या दारात जाऊन थांबतं, त्या घरापर्यंत जा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये काय बोलायचं, ते तुम्हाला आपोआप सुचेल!